हात धुण्याची विद्या

गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयात आमगाव-सालेकशाकडची एखादी लेक प्रसूतीसाठी दाखल होते आणि तिच्या खाटेपाशी पांढऱ्या ॲप्रनातला तरुण विद्यार्थी येऊन उभा राहतो, तेव्हा तिच्या आईच्या जिवाला धीर येतो. २०१६ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून असा धीर आपल्या जिल्ह्यातच मिळू लागला, हे आपणां सर्वांचे भाग्य होय. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या नाकपुडीत वा तळहातावर, त्याच्या नकळत, औषधांना दाद न देणारे जंतू वस्तीला असू शकतात, ही गोष्ट अप्रिय असली तरी स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू दहांतील सुमारे तीन निरोगी माणसांच्या नाकात कसलाही उपद्रव न देता राहत असतो. पेनिसिलिनला तो जुमानीनासा झाला म्हणून १९५९ साली मेथिसिलिन हे औषध वापरात आले, आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६१ साली, त्यालाही न बधणारा जंतू इंग्लंडात आढळला. असे जंतू देशोदेशीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या नाकांत सापडले आहेत. वाहून नेणाऱ्यास त्यांची बाधा होतेच असे नाही; मात्र शस्त्रक्रियेची ओली जखम, नवजात बालकाची नाळ किंवा रोवणीच्या दिवसांत बांधीत पाय कापून आलेल्या मजुरिणीचा व्रण त्यांच्या तावडीत सापडला, तर हाताशी असलेले औषध निरुपयोगी ठरते.

विद्यार्थ्यांच्या हातांवाटे रोग पसरतो, हा धडा जुनाच आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या वैद्याने पाहिले की, ज्या विभागात विद्यार्थी शिकत, तेथे सुइणींच्या विभागापेक्षा अधिक बाळंतिणी दगावत. कारण शवविच्छेदन करून ते तसेच बाळंतिणींना तपासावयास येत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला, आणि एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा दोनच्या आसपास उतरले. त्या विद्यार्थ्यांच्या ठायी दुष्ट हेतू नव्हता. उणीव होती ती केवळ शिस्तीची.

म्हणूनच ज्याच्या नाकात जंतू सापडेल त्यास कलंकित मानणे हा अन्याय होय, आणि सरसकट सर्वांच्या नाकात म्युपिरोसिनचे जंतुनाशक मलम भरणे हा अविचार. कारण अशा उधळपट्टीने जंतू त्या मलमासही निर्ढावतात. उपाय साधा व खर्चाने अल्प आहे. प्रत्येक कक्षात वाहते पाणी, साबण आणि खाटेगणिक हात चोळावयाचे अल्कोहोलयुक्त द्रावण यांची कायम तरतूद असावी. वॉर्डातला ॲप्रन चहाच्या टपरीवर वा घरी जाऊ नये. हात धुण्याची परीक्षा वैद्यकाच्याच नव्हे, तर परिचर्येच्या विद्यार्थ्यांनाही रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी द्यावी लागावी. आणि या कामी सर्वप्रथम कित्ता घालून द्यावा तो प्राध्यापकांनी, कारण विद्यार्थी ग्रंथापेक्षा गुरूचे आचरण अधिक लवकर गिरवतो.

रुग्णांच्या आप्तांनाही माझी विनंती आहे. डॉक्टर खाटेपाशी आले की, "डॉक्टरसाहेब, हात धुतले ना?" असे नम्रपणे, परंतु निःसंकोच विचारा, आणि विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न अपमान मानू नका, त्याचे उत्तर ओल्या हातांनी द्या.