विश्लेषण : सरासरी ‘पास’, तरीही रस्ता नापास का ठरतो?

महामार्गाचा नवा पट्टा खचला, की ‘चाचण्या झाल्या होत्या का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. पण चाचण्या झाल्या, त्यांची सरासरीही चांगली आली, तरी रस्ता सगळीकडे सारखाच पक्का आहे असे म्हणता येत नाही. ते कसे?

चाचणी कशाची होते?

डांबर किंवा काँक्रीटच्या थरांखाली दाबून पक्का केलेला मातीचा थर असतो. त्याला सबग्रेड म्हणतात. या मातीची कमाल घनता आधी प्रयोगशाळेत मोजतात. तिच्या किमान ९७ टक्के घनता प्रत्यक्ष रस्त्यावर मिळावी, असे केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचे तांत्रिक निकष (२०१३ ची आवृत्ती) सांगतात. रोलर फिरवून झाला की थरात छोटा खड्डा घेऊन निघालेल्या मातीचे वजन करतात, ओलावा तपासतात आणि खड्डा वाळूने भरून त्याचे आकारमान काढतात. असा खड्डा दर ५०० चौरस मीटरला किमान एक आणि एका संचात किमान १० हवेत. उरलेल्या जागेचा अंदाजच बांधावा लागतो. संख्याशास्त्राची गरज इथे लागते.

सरासरी का पुरत नाही?

समजा, दोन पट्ट्यांवर प्रत्येकी १० नोंदी घेतल्या. पहिल्यावर पाच वेळा ९८ आणि पाच वेळा ९९ टक्के घनता आली. दुसऱ्यावर ९६, ९६, ९७, ९७, ९८, ९९, १००, १००, १०१, १०१. दोन्हींची सरासरी ९८.५ टक्केच! पण दुसऱ्या पट्ट्यावर माती कुठे घट्ट, कुठे पोकळ आहे. अवजड ट्रक सरासरीवरून धावत नाहीत. रस्ता पोकळ जागीच आधी बसतो.

नियम काय सांगतो?

आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत, याचे माप म्हणजे प्रमाणित विचलन. १० नमुन्यांची सरासरी किमान घनतेपेक्षा या विचलनाच्या सुमारे १.१३ पटीने जास्त हवी, असा निकष आहे. पहिल्या पट्ट्याला त्यामुळे सुमारे ९७.६ टक्के सरासरी पुरते, तो पास. दुसऱ्याला सुमारे ९९.२ टक्के लागते, तो नापास. म्हणजे कामात जितका चढउतार, तितकी अट कडक.

हा विचार कुठून आला?

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून मोठा प्रयोग झाला. काटेकोर देखरेखीतही बांधकामाच्या नोंदींत बराच फरक पडतो, हे तिथे दिसले. पुढे तिथल्या अनेक राज्यांनी कंत्राटदाराचे देयक या हिशेबाशी जोडले. मर्यादेत बसणाऱ्या कामाचे प्रमाण जास्त असेल तर थोडा बोनस, कमी असेल तर कपात.

मग कच्चा दुवा कोणता?

नमुन्याची जागा. ती यादृच्छिक पद्धतीनेच, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी निवडावी, असे आपले निकषही बजावतात. खड्डा कुठे घेणार हे आधीच कळले, तर तेवढ्याच जागी रोलरच्या दोन फेऱ्या जास्त मारता येतात. मग सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि निष्कर्ष मात्र चुकीचा. वर डांबर पडले की हा दोष झाकलाही जातो.

नागरिक काय करू शकतात?

माहिती अधिकार कायद्यात केवळ कागदपत्रेच नव्हे, तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्ज करताना फक्त ‘चाचणी अहवाल’ मागण्याऐवजी प्रत्येक स्वतंत्र नोंद, तिची जागा व तारीख, प्रमाणित विचलन आणि जागा कोणी व कशी निवडली याची नोंद मागावी. एकट्या सरासरीत जे लपते, ते या चार गोष्टींत दिसते.