बरणीचा विटाळ

लोणच्याला बुरशी आली की आपल्याकडे गुन्हेगार आधी ठरतो आणि तपास मागाहून होतो. "कुणी शिवलं का गं बरणीला?" हा प्रश्न फक्त बायकांना विचारायचा असतो. पुरुषमंडळी संशयाच्या पलीकडे! वास्तविक रात्री अकरा वाजता आमटीत बुडालेला चमचा तसाच बरणीत घालणारे हात बहुधा त्यांचेच.

अहो, बरणीला विटाळ कळत नाही, पाणी कळतं. मीठ कैरीतलं पाणी ओढून घेतं. त्या खारात आणि कैरीच्या आंबटपणात जंतूंचा जीव रमत नाही. वर चार बोटं तेल असलं की फोडीला हवा लागत नाही, आणि हवेवाचून बुरशीचं चालत नाही. एवढ्या पहाऱ्यातून आत शिरायची वाट म्हणजे ओला चमचा, नाहीतर तेलाबाहेर डोकं काढून बसलेली फोड.

आजीच्या पिढीला हे ठाऊक होतं. बरण्या धुऊन कडक उन्हात वाळवायच्या, हिंगाची धुरी द्यायची, तेल तापवून पार गार करूनच ओतायचं, वर दादरा बांधायचा. या शिस्तीला माझा दंडवत. पण याच यादीत 'चार दिवस बाहेर बसलेली' कुणी घुसवली? दुकानातली सीलबंद बाटली घेताना "हे भरणारी कितव्या दिवसाची होती हो?" असं विचारणारा ग्राहक मला अजून भेटायचाय. तिथं धर्म बुडत नाही. घरच्या सुनेनं मात्र बरणीकडे बघायचं नाही!

दुसरं टोक नव्या मंडळींचं. मीठ निम्मं, तेल नावाला, आणि लोणचं वर्षभर ओट्यावर! मीठ कमी करायचंय ना, जरूर करा. पण मग थोडं घाला, फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. काहीजण तर सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून महिनाभर बाहेर ठेवतात. त्यात आंबट नाही, हवा नाही. बोट्युलिझमच्या जंतूंना याहून सोयीचं बिऱ्हाड मिळणार नाही. त्याचं विष वासावरून कळत नाही आणि माणूस त्यानं दगावू शकतो. इथं मात्र "कुणी शिवलं का?" असं कुणी विचारत नाही.

हे सगळं मी आमच्या आत्याबाईंना साग्रसंगीत समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "असेल बाबा" म्हणाल्या, आणि कोठीची किल्ली होती तिथंच, स्वतःच्या कमरेला राहू दिली.