बुरशी बिचारी काय करणार?

परवा पुतण्याचा गावाहून फोन. "काका, तुमची ती बुरशी फुकट गेली. हुमणीनं खोडवा खाल्लाच." 'तुमची' म्हणजे शिफारस माझी. ऊस पिवळा पडलाय, हाताने ओढला तरी उपटून येतोय. राग येणारच. पण तो बुरशीवर काढलेला मला मान्य नाही.

मेटारायझियम हे काही आजकालचे खूळ नव्हे. १८७९ साली मेचनिकॉफने गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर ती वापरून पाहिली होती. तिचे बीजाणू किडीच्या अंगाला चिकटतात, रुजतात, कातडी भेदून आत वाढतात. अळी मरते, आणि ओल असेल तर तिच्यावर हिरवा थर चढतो. याला दिवस लागतात, आणि बीजाणू जिवंत असावे लागतात.

विचारले, कधी टाकलीस? "सप्टेंबरात, ऊस पिवळा दिसल्यावर." म्हणजे अळ्या चांगल्या पोसल्यावर! अरे, पहिल्या पावसानंतर भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, तेव्हा ते गोळा करून मारायचे. मग अळ्या लहान असतानाच बुरशी शेणखतात मिसळून मुळांशी द्यायची. बरे, सोबत काय दिलेस? "दुकानदारानं बुरशीनाशक दिलं होतं, तेही त्याच ड्रममध्ये." घ्या! परीक्षेत असे उत्तर आले असते तर मी भोपळा दिला असता. पण मुलाला की दुकानदाराला, हा प्रश्नच आहे. पत्र्याखाली उन्हाळाभर भाजलेली पाकिटे विकणाराही तोच.

लोक म्हणतात, औषध कसे लगेच दिसते. दिसते ना! २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हा आपण काय म्हणालो? त्यांनी तोंडाला फडके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते. औषधाला कुणी खोटे म्हटले नाही. आणि बुरशी चुकीच्या वेळी, चुकीच्या जोडीने टाकली, तर खोटी कोण? बुरशी! हा कुठला न्याय?

नकली मालही बाजारात आहे, नाही असे नाही. पण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात ही जैविक औषधेही येतात. पाकिटावर नोंदणी आणि मुदतीची तारीख मागायचा हक्क आपला आहे. तो बजावतो कोण?

शेवटी पुतण्याला पाकिटावरची तारीख विचारली. "पाकीट कुठलं ठेवतोय काका, बांधावर जाळलं." असो. येत्या जूनमध्ये मीच गावी जाणार आहे. दुकानात चष्मा लावून उभा राहीन.