लेस्टॅट ते नाझरेथ

व्हॅम्पायरांच्या कादंबऱ्यांनी घराघरांत पोचलेल्या अमेरिकन लेखिका अ‍ॅन राइस यांनी २००५मध्ये थेट बाल येशूवर कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांचे वाचक चक्रावले. आम्हाला ही उडी तेवढी लांब वाटत नाही. १९७२मध्ये त्यांची चिमुकली मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. १९७६च्या पहिल्याच कादंबरीत क्लॉडिया आहे, कधीच मोठी न होणारी पोर. आणि ‘ख्राइस्ट द लॉर्ड : आउट ऑफ इजिप्त’मध्ये पुन्हा एक मूलच, सात वर्षांचा येशू, स्वतः बोलतो. अलेक्झांड्रियात पोरांची मारामारी होते, एक मुलगा मरून पडतो, आणि हाच त्याला उठवतो. आपल्या हातून हे काय घडलं, ते त्याला उमगत नाही. मोठी माणसं काही सांगत नाहीत. बायबलमध्ये हा प्रसंग नाही, चर्चने न स्वीकारलेल्या जुन्या बालकथांतून तो आला आहे. पण मुलाच्या पोटातली ती भीती? ती भयकथा लिहिणाऱ्या हातालाच जमावी!

२०१०मध्ये त्यांनी संघटित ख्रिस्ती धर्म जाहीरपणे सोडला, ख्रिस्तावरची श्रद्धा मात्र ठेवली. येशूवरच्या कादंबऱ्यांची मालिका दोन पुस्तकांवरच थांबली. २०१४मध्ये लेस्टॅट हा त्यांचा लाडका व्हॅम्पायर परतला.