वाढलेली ४९ मिनिटे कोणाच्या वाट्याला आली?

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ हा व्हिएतनाम युद्धावरचा चित्रपट १९७९ साली आला. त्या वर्षी कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला ‘द टिन ड्रम’ या जर्मन चित्रपटासोबत विभागून मिळाले. २२ वर्षांनी, म्हणजे २००१ मध्ये, कपोला आणि संकलक वॉल्टर मर्च यांनी जुनी रिळे पुन्हा बाहेर काढली आणि ‘रीडक्स’ नावाची वाढीव आवृत्ती आणली. १५३ मिनिटांचा चित्रपट २०२ मिनिटांचा झाला. २०१९ मध्ये दोन्हींच्या मधली, सुमारे तीन तासांची ‘फायनल कट’ ही आणखी एक आवृत्ती आली. तेव्हापासून चित्रपटप्रेमींमध्ये एक वाद रंगतो: यातली खरी आवृत्ती कोणती?

दोन्ही बाजूंच्या मतांत तथ्य आहे. मूळ आवृत्तीचे चाहते म्हणतात की हा नदीवरचा प्रवास आहे, बोट जसजशी वर सरकते तसतशी भीती दाट होत जाते. वाढीव आवृत्तीत मध्येच बोट थांबवून फ्रेंच मळेवाल्याच्या घरी जेवणावळ मांडली आहे, तिथे सगळा ताण सैल पडतो. पहिल्या आवृत्तीतला अबोल, कोरड्या चेहऱ्याचा विलार्ड वाढीव आवृत्तीत किलगोरचा सर्फबोर्ड चोरून हसतो आणि त्यामुळे पात्राचे गूढ कमी होते. वाढीव आवृत्तीचे चाहते म्हणतात की हीच तर तिची ताकद आहे. अमेरिकेच्या आधी फ्रान्स इथे होता, १९५४ साली दिएन बिएन फू येथे त्याचा पराभव झाला, हा इतिहास मूळ चित्रपटात नव्हता, तो इथे येतो. सैनिकही हाडामांसाची पोरे वाटू लागतात.

आम्ही दोन्ही आवृत्त्या पाहिल्या आणि दोन्हींबद्दलची मते वाचली. या वादात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. ही वाढलेली ४९ मिनिटे कोणाच्या वाट्याला आली? युद्ध व्हिएतनाममध्ये झाले, गावे व्हिएतनामी लोकांची जळाली. मग चित्रपट पाऊण तासाहून अधिक लांबला तेव्हा त्यातली किती मिनिटे व्हिएतनामी माणसाला बोलायला मिळाली?

अमेरिकन युद्धपटाचा आणि आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध जुना आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. १९७३ च्या तिच्या जाहीरनाम्यात व्हिएतनाम आणि कंबोडियाचा उल्लेख आहे. तेव्हा ते युद्ध संपलेलेही नव्हते, सायगाव पडले ३० एप्रिल १९७५ रोजी. झोपडपट्टीत राहून व्हिएतनामच्या शेतकऱ्याशी नाते सांगणाऱ्या पिढीचे आपण वारस आहोत. त्यामुळे त्या शेतकऱ्याला पडद्यावर कसे दाखवले हे पाहणे आपलेही काम आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. कर्नल कर्ट्झ नावाचा अमेरिकन अधिकारी सैन्याचे आदेश झुगारून कंबोडियाच्या जंगलात स्वतःचे राज्य थाटून बसला आहे. त्याला ठार मारण्याची कामगिरी कॅप्टन विलार्डवर येते. छोट्या गस्ती बोटीतून चार खलाशांसह तो नदीने वर निघतो. वाटेत किलगोर हा अधिकारी वाग्नरचे संगीत कर्ण्यावर लावून हेलिकॉप्टरांनी एका गावावर हल्ला करतो. ते गाव निवडण्यामागे एक कारण असेही असते, की तिथला किनारा सर्फिंगसाठी चांगला आहे.

हा चित्रपट युद्धाचा गौरव करणारा आहे असे आम्ही म्हणणार नाही. नदीतल्या होडीचा प्रसंग आठवा. भाजीपाला घेऊन जाणारी एक साधी होडी थांबवली जाते, झडती सुरू होते, एक तरुणी एका टोपलीकडे धावते आणि बोटीवरून गोळीबार सुरू होतो. होडीतली माणसे मरतात. टोपलीत काय होते? कुत्र्याचे पिल्लू. तरुणी अजून जिवंत असते, चीफ तिला दवाखान्यात न्यायचे म्हणतो, तेव्हा विलार्ड तिला गोळी घालतो, कारण त्याला पुढे जायची घाई आहे. अमेरिकन युद्धनीतीवर याहून कठोर आरोप अमेरिकन चित्रपटाने क्वचितच केला असेल. पण मेलेल्यांपैकी कुणाचेही नाव आपल्याला कळत नाही. पिल्लू मात्र एका सैनिकाच्या मांडीवर बसून पुढचा प्रवास करते.

त्या होडीवर पहिली गोळी कोण झाडतो हेही पाहा. क्लीन. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला, जेमतेम १७ वर्षांचा काळा पोरगा. ही भूमिका करणारा लॉरेन्स फिशबर्न चित्रीकरण सुरू झाले तेव्हा अवघा १४ वर्षांचा होता. बोट चालवणारा चीफसुद्धा काळा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधल्या भाषणात हाच प्रश्न उभा केला होता: ज्या काळ्या तरुणांना स्वतःच्या देशात हक्क नाहीत त्यांना हजारो मैलांवर कोणाच्या स्वातंत्र्यासाठी पाठवले जात आहे? त्याच महिन्यात मुहम्मद अली यांनी सैन्यभरतीला नकार दिला आणि आपले विश्वविजेतेपद गमावले. शोषिताच्या हाती बंदूक देऊन ती दुसऱ्या शोषितावर रोखायला लावणे, ही व्यवस्थेची जुनीच रीत आहे. मूळ आवृत्तीत क्लीन मरतो आणि बोट पुढे जाते. वाढीव आवृत्तीत त्याचा दफनविधी आहे. वाढवलेल्या भागातला हा प्रसंग आम्हाला मोलाचा वाटतो. व्यवस्थेने वापरून फेकलेल्या एका पोराला निदान मातीचा मान मिळतो.

पण ती माती कोणाच्या मळ्यातली? तिथे आपण मुख्य मुद्द्यावर येतो.

‘रीडक्स’मधली सर्वात मोठी भर म्हणजे हा फ्रेंच रबर मळा. पांढऱ्या चादरीचे टेबल, दारूचे पेले आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले फ्रेंच कुटुंब. कुटुंबप्रमुख ह्युबर्ट विलार्डला ऐकवतो की आम्ही रबराची झाडे ब्राझीलहून आणली, काही नव्हते तिथे काही तरी निर्माण केले, ही जमीन आमची आहे आणि आम्ही ती सोडणार नाही. कुटुंबातला एक जण अंडे फोडून दाखवतो: पांढरे वाहून जाते, पिवळे राहते. म्हणजे गोरा जाणार आणि व्हिएतनामी राहणार. चित्रपटातले सर्वात खरे राजकीय भाकीत हेच आहे, पण तेसुद्धा बोलतो गोराच माणूस. पिवळे राहणार असे ज्यांच्याबद्दल सांगितले जाते त्यांना या टेबलावर खुर्ची नाही.

‘काही नव्हते’ या दाव्यात बरेच काही दडपले आहे. दक्षिणेतल्या रबर मळ्यांवर राबायला उत्तर व्हिएतनाममधून गरीब शेतकरी करारावर आणले जात. मलेरिया, मुकादमांची मारहाण, तुटपुंजी मजुरी आणि करार मोडला तर शिक्षा, असे ते जगणे होते. फेब्रुवारी १९३० मध्ये मिशेलिन या टायर कंपनीच्या फू रियेंग मळ्यावर मजुरांनी मोठा संप केला, फ्रेंच सरकारला तिथे सैन्य पाठवावे लागले. त्या संपाचे एक नेते ट्रान तू बिन्ह यांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या आणि त्यांचे पुस्तक झाले. म्हणजे मळ्याची दुसरी बाजू उपलब्ध होती. तरीही ज्या वाढीव आवृत्तीला ‘इतिहास सांगणारी’ म्हणून दाद मिळते, तिने मळ्याचा इतिहास सांगायला मळ्याचा मालक निवडला. ह्युबर्टच्या बोलण्यात वसाहतवादी अहंकार दिसतो आणि दिग्दर्शकाला तो दाखवायचाच आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण मालकाचा अहंकार दाखवणे वेगळे आणि मजुराला बोलू देणे वेगळे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हा चित्रपट व्हिएतनामवर नाही, तो अमेरिकन मनावर आहे, मग त्यात व्हिएतनामी पात्रे का मागता? कलावंताला आपला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, हे आम्हीही मानतो. पण कान येथे स्वतः कपोला यांनीच सांगितले होते की आपला चित्रपट व्हिएतनामबद्दल नाही, तो व्हिएतनामच आहे. एवढा मोठा दावा केला की मोजमापही त्याच फुटपट्टीने होणार. शिवाय फ्रेंच मळेवाला काही अमेरिकन मन नव्हे. त्याच्यासाठी जागा निघाली, याचा अर्थ अमेरिकेबाहेरच्या माणसाला बोलायला या चित्रपटात जागा होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००१ मध्ये संकलकाच्या हाती १९७६-७७ ला चित्रित केलेलेच साहित्य होते, तो नवीन काय आणणार? बरोबर. जे चित्रितच झाले नाही ते वाढवता येत नाही. माणूस कथेतून वगळला गेला तो संकलनाच्या टेबलावर नव्हे, पटकथा लिहिली जात होती तेव्हाच. नंतर तीन काय, तीस आवृत्त्या काढल्या तरी तो त्यात सापडणार नाही.

वगळण्याची ही सवय त्या कथेच्या मुळातच आहे. चित्रपटाचा सांगाडा जोसेफ कॉनराड यांच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या काँगोवरच्या कादंबरिकेतून घेतला आहे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ साली एका गाजलेल्या व्याख्यानात त्या पुस्तकावर नेमके बोट ठेवले होते: एका युरोपियन माणसाचे मन कसे मोडते हे दाखवण्यासाठी अख्ख्या आफ्रिकेला पार्श्वभूमीचा पडदा करून टाकले आहे आणि आफ्रिकन माणसाला भाषाच ठेवलेली नाही. कपोला यांनी काँगोच्या जागी व्हिएतनाम आणि कंबोडिया ठेवले, पडदा मात्र पडदाच राहिला. चित्रीकरण झाले फिलिपिन्समध्ये, मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात. हेलिकॉप्टर त्यांच्याच वायुदलाची होती आणि बंडखोरांशी लढण्यासाठी ती मधूनच परत बोलावली जात. कर्ट्झच्या राज्यातली रंग फासलेली, मुकी गर्दी म्हणजे प्रत्यक्षात फिलिपिन्समधले इफुगाव आदिवासी. शेवटी म्हशीचा बळी दिसतो तो त्यांचा स्वतःचा विधी. त्यांचा विधी घेतला, त्यांचे चेहरे घेतले, त्यांचे नाव कथेत कुठेही आले नाही.

आता एका वेगळ्या प्रेक्षकाचे मत ऐका. व्हिएत थान न्गुयेन हे युद्धानंतर लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले लेखक. त्यांनी लिहिले आहे की मुलगा असताना हा चित्रपट पाहताना ते अमेरिकन सैनिकांच्या बाजूने होते, ते थेट होडीच्या प्रसंगापर्यंत. तिथे त्यांना कळेना की आपण मारणारे आहोत की मरणारे. पुढे त्यांनी ‘द सिम्पथायझर’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात असाच एक भव्य युद्धपट फिलिपिन्समध्ये बनतो आणि पटकथेत व्हिएतनामी माणसाला संवादच नाहीत हे तिचा नायक दाखवून देतो. त्या कादंबरीला २०१६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. कोणती आवृत्ती सरस या वादात न पडता न्गुयेन यांनी आपली गोष्ट स्वतः लिहिली.

आणि ती गोष्ट पडद्यावर आधीच आलेली होती. १९७९ सालीच व्हिएतनाममध्ये ‘द अबॅन्डन्ड फील्ड’ हा कृष्णधवल चित्रपट बनला. दिग्दर्शक न्गुयेन होंग सेन. मेकाँगच्या पाणथळ प्रदेशात एक नवरा-बायको आणि त्यांचे तान्हे मूल राहते. डोक्यावर सतत अमेरिकन हेलिकॉप्टर घिरट्या घालते. ते जवळ आले की आईबाप बाळाला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याखाली लपवतात. ‘अपोकॅलिप्स नाऊ’मध्ये आपण हेलिकॉप्टरमधून खाली पाहतो, इथे पाण्यातून वर पाहतो. शेवटी हेलिकॉप्टर पडते आणि मेलेल्या अमेरिकन वैमानिकाजवळ त्याच्या बायको-मुलाचा फोटो निघतो. ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांनी बॉम्ब टाकणाऱ्याला कुटुंब दिले, माणूसपण दिले. कोट्यवधी डॉलरच्या चित्रपटाला तीन आवृत्त्यांत ते शत्रूला देता आले नाही. या चित्रपटाला १९८१ साली मॉस्को महोत्सवात सुवर्ण पारितोषिक मिळाले, पण जगातल्या युद्धपटांच्या याद्यांत तो अपवादानेच सापडतो.

तरुण मित्रांनी आम्हाला विचारले की कोणती आवृत्ती पाहावी, तर उत्तर सरळ आहे. चित्रपट म्हणून १९७९ ची आवृत्ती अधिक घट्ट बांधलेली आहे, ती पाहा. वसाहतीचा मालक स्वतःच्या कहाणीत स्वतःला कसा निर्माता ठरवतो याचा अभ्यास करायचा असेल तर वाढीव आवृत्तीतला मळा पाहा. पण त्या दोन्हींसोबत ‘द अबॅन्डन्ड फील्ड’ पाहिल्याशिवाय व्हिएतनाम युद्धावरचा चित्रपट पाहिला असे म्हणू नका.

आमच्यातले अनेक जण आज कॅमेरा हाती घेत आहेत, माहितीपट करत आहेत, पटकथा लिहीत आहेत. कुणाच्या तरी मोठ्या चित्रपटात आपला एखादा प्रसंग वाढवला गेला की समाधान मानण्याची घाई त्यांनी करू नये. कापलेले परत जोडून घेण्याची मागणी छोटी आहे. पहिले पान लिहिले जाते त्या टेबलावर बसण्याची मागणी मोठी आहे आणि ती कुणी देईपर्यंत आपले टेबल आपण मांडायचे आहे.