कागद जाड की पानं जास्त?

कॉलेजच्या वार्षिकांकाची मीटिंग आठवा. संपादक मंडळ, एक-दोन सर-मॅडम, लॅपटॉपवर कव्हरचं डिझाइन. शेवटी प्रश्न येतो, ‘कागद कोणता?’ आणि उत्तर ठरलेलं: ‘चांगला जाड, चकचकीत घ्या. भारी दिसला पाहिजे!’

मित्रांनो, यंदा हे उत्तर देण्याआधी जरा थांबा. कारण कागदाचं गणित बदललंय. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, तुम्ही कुठल्याही कॉलेजात असा, तुमच्या अंकात किती जणांचं लिखाण छापून येणार हे या गणितावर ठरू शकतं.

झालं काय?

3 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटी परिषदेची 56वी बैठक झाली. करांचे टप्पे कमी करताना 12 टक्क्यांचा टप्पा मोडीत निघाला. त्यातल्या वस्तू काही खाली 5 टक्क्यांवर गेल्या, काही वर 18 टक्क्यांवर. 22 सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. छपाईचा कागद वर गेला, कागदी खोके खाली आले. वह्यांवरचा कर शून्य झाला आणि वह्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कागदावरचाही. म्हणजे तोच पांढरा कागद वहीत गेला तर शून्य, अंकात गेला तर 18!

पुस्तकं आधीपासून करमुक्त आहेत. ऐकायला छान वाटतं, पण गोम तिथंच आहे. विक्रीवर करच नाही म्हटल्यावर कागदावर भरलेला कर प्रकाशकाला वळता करून घेता येत नाही. तो पुस्तकाच्या किमतीत मुरतो. 100 रुपयांचा कागद पूर्वी 112 ला पडायचा, आता 118 ला. मोठ्या प्रकाशकाला हे पेलेल. छोटं मासिक, दिवाळी अंक, कवितासंग्रह काढणाऱ्याला नक्की टोचेल.

तुमचं कॉलेज स्वतः कागद विकत घेत असेल, तर हा फरक थेट बिलात दिसेल. कागद प्रेसच घालणार असेल, तर कोटेशनमध्ये कर कसा धरलाय ते विचारून घ्या.

वजन करून बघा

दर वाढला की मंडळं काय करतात? पानं कमी करतात. आणि पानं कमी झाली की पहिल्यांदा कात्री लागते ती एफवायच्या नवख्या मुलीच्या कथेला. प्राचार्यांच्या फोटोला लागत नाही!

पण दुसरा रस्ता आहे. कागद किलोवर विकला जातो आणि जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. 23 × 36 इंची एका शीटमधून डेमी आकाराची 32 पानं निघतात. तुमचा अंक 96 पानांचा आणि प्रती 500 असतील, तर 1500 शीट लागतील. वाया जाणारा कागद वेगळा धरा.

सगळा अंक 170 जीएसएम आर्ट पेपरवर काढला तर कागद लागतो साधारण 136 किलो. आता मजकुराची 80 पानं 70 जीएसएम मॅपलिथोवर घ्या आणि फक्त रंगीत फोटोंची 16 पानं 130 जीएसएम आर्ट पेपरवर. कागद लागतो 64 किलो. निम्म्याहूनही कमी! किलोचे दर दोन्ही कागदांचे वेगळे असतात, ते प्रेसकडून घ्या. पण एवढ्या फरकापुढं वाढलेले सहा टक्के फार मोठे वाटत नाहीत.

स्वस्त म्हणजे हलकं नव्हे

‘पण मग अंक साधा दिसेल ना?’ नाही दिसणार. आर्ट पेपरवर मातीचा गुळगुळीत थर असतो. शाई वरच राहते, म्हणून फोटो खुलतात. पण त्याच थरावर ट्यूबलाइट चमकते आणि लांब कथा वाचताना डोळे वैतागतात. मॅपलिथोवर असा थर नसतो. तो शाई पितो, चमकत नाही. कादंबऱ्या अशाच कागदावर येतात, त्या काय साध्या दिसतात?

फक्त तीन गोष्टी सांभाळा. एक, मॅपलिथोवर शाई पसरते, फोटो काळवंडतात. तिथं फोटो टाकायचाच असेल तर आधी थोडा उजळ करा. दोन, कागद पातळ असेल तर मागचा मजकूर पुढं दिसतो. पानभर काळे पट्टे नकोत. तीन, ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात. कागद फाडून बघा, एका बाजूनं सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं वेडावाकडा. सरळ फाटतो ती ग्रेनची दिशा, आणि ती अंकाच्या पाठीला समांतर हवी. उलटी झाली तर अंक नीट उघडत नाही, हात काढला की मिटतो. मग कागद कितीही महाग असो!

आता हळदीकडे

याच करबदलाची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याच्या कामाची आहे. खोक्यांवरचा कर 12 वरून 5 टक्के झालाय. 2024 मध्ये वसमत हळदीला जीआय मानांकन मिळालं. उद्या गावातला एखादा बचत गट किंवा शेतकरी कंपनी हळद पावडरीचं खोकं डिझाइन करायला तुम्हालाच सांगेल.

तेव्हा मोह होईल तपकिरी क्राफ्टचा. ‘देशी’ दिसतो, इन्स्टावर छान येतो. पण ऑफसेटची शाई पारदर्शक असते. तपकिरी कागदावर पिवळा छापला की तो मळका होतो, आणि मळकी हळद कोण घेणार? एकतर खाली पांढऱ्या शाईचा थर द्या, नाहीतर पांढरा बोर्ड घ्या. मागून करडा दिसणारा डुप्लेक्स बोर्ड स्वस्त असतो, पण तो रद्दीपासून बनतो. त्याला हळद थेट लागू देऊ नका, आत खाद्यपदार्थांसाठीची पिशवी हवीच. हळदीचा रंग उजेडानं उडतो, म्हणून खोक्याला ‘आतलं दिसावं’ अशी खिडकी ठेवताना दहादा विचार करा. आणि हो, खोक्यावर ‘वसमत हळद’ लिहिण्याआधी ग्राहकाची जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का, ते विचारा.

मग करायचं काय?

डिझाइन झाल्यावर कागद निवडू नका. आधी कागद, मग डिझाइन. प्रेसमध्ये स्वतः जा. पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे होऊ नका. कोणता कागद तयार आहे, कोणता मागवावा लागेल, विचारा. निवडलेल्या कागदाची कोरी डमी बांधून मागा. ती हातात धरा, उघडा, मिटा. एक पान त्याच कागदावर छापून घ्या आणि वर्गातल्या ट्यूबलाइटखाली वाचून बघा.

कराचा दर दिल्लीत ठरतो, तो आपल्या हातात नाही. पण 136 किलो की 64, हे तुमच्या मीटिंगमध्ये ठरतं. वाचलेल्या पैशात आणखी 16 पानं बसत असतील, तर त्या नवख्या मुलीची कथा घ्या. अंक मिळाल्यावर ती कागदाची जाडी बघणार नाही, आधी स्वतःचं नाव शोधेल.