तीन दिवसांत अकरा स्थळे

लहान मुलांस घेऊन दोन-तीन दिवस परगावी जाण्याचा बेत आमच्या समाजात आता घरोघर होतो, आणि तो होतो याचा आम्हांस आनंदच आहे. आमचा वाद आहे तो बेत आखण्याच्या रीतीशी. प्रथम एक यादी तयार होते. तीत पाहावयाची स्थळे असतात, खावयाचे पदार्थ असतात, खरेदीची दुकाने असतात. चार वर्षांचे मूल दुपारी एक वाजता कोठे निजेल, एवढीच एक नोंद नसते. प्रवासाच्या सामानात जणू मुलांचीही गणना होते. फरक इतकाच की सामान रडत नाही.

उदाहरणादाखल आम्ही मुद्दाम सुरत घेतो. सुरतेचे नाव काढताच मंडळी नाक मुरडतात: तेथे साड्या आणि हिरे यांवाचून आहे काय? मुंबईहून सुमारे २६३ किलोमीटरांवर नदी, किल्ला आणि समुद्र एकत्र मिळणारे हे शहर आपणांस परकेही नाही. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे तेथील कापडधंद्यात येऊन स्थायिक झाली आहेत. लिंबायत, उधना या भागांत मराठी सहज कानी पडते आणि नगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे चालतात. १९९४ सालच्या प्लेगने ज्या शहराची देशभर नाचक्की झाली, तेच २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिले आले. पोरांची पोटे सांभाळून हिंडणाऱ्या आईबापांस ही बाब काही लहान नव्हे.

पण सुरत ठरली की लगेच यादीवाले म्हणतात, “एवढे जातोच आहोत तर सापुतारा का नको? दमण का नको? केवडियाचा पुतळा का राहावा?” या ‘जातोच आहोत तर’ने आमच्या सहलींचा जेवढा नाश केला आहे, तेवढा अवकाळी पावसानेही केला नसेल. ही तिन्ही ठिकाणे सुरतेपासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर, आणि तीही तीन दिशांना. तीन दिवसांपैकी निम्मा वेळ मोटारीत काढून मुलाने पाहावयाचे काय, तर पुढल्या आसनाची पाठ!

आमच्या वाचकांना याचे उत्तर बाहेर शोधण्याचे कारण नाही. मंगेशीस किंवा कवळ्यास अग्रशाळेत उतरणाऱ्या कुटुंबांतील मुले तेथे काय ‘पाहतात’? तळीच्या पायऱ्या, दीपमाळ, प्राकारात पेंगणारे एखादे मांजर. त्याच पायऱ्या ती पन्नास वेळा चढतात आणि उतरतात. वडीलधारे त्यांस हटकीत नाहीत, कारण देवापाशी पोहोचल्यावर पुढचे स्थळ गाठण्याची घाईच उरत नाही. हे शहाणपण आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. परक्या शहराच्या वेशीपाशी आल्याबरोबर ते आपण का टाकून द्यावे?

सुरतेसही हीच रीत चालेल. सकाळी एक स्थळ, दुपारी मुक्कामी निजणे, संध्याकाळी उघडे मैदान किंवा पाण्याचा काठ. विज्ञान केंद्र पाहिले त्या दिवशी मत्स्यालय नाही. मत्स्यालय पाहिले त्या दिवशी सारथाण्याचे प्राण्यांचे उद्यान नाही. पाल येथील मत्स्यालयात मूल एकाच काचेपुढे अर्धा तास उभे राहिले तर त्यास उभे राहू द्यावे. इंग्रज-डचांच्या प्रचंड कबरी शिल्पदृष्ट्या पाहण्याजोग्या खऱ्याच. पण पाच वर्षांच्या मुलास त्या दाखविण्याचा हट्ट हा आपला हट्ट आहे, त्याचा नव्हे.

किल्ल्याची गोष्ट निराळी. तापीच्या काठचा हा किल्ला सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधला गेला तो मुख्यतः पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांना आवर घालण्यासाठी. महानगरपालिकेने त्याची डागडुजी करून तेथे संग्रहालय केले आहे. त्याच शतकात, त्याच पोर्तुगीजांच्या जाचामुळे, श्रीमंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळास आणि श्रीशांतादुर्गेला केळशीहून कवळ्यास न्यावे लागले. ज्या मुलाने आजीच्या मांडीवर ही कथा ऐकली आहे, त्यास सुरतेच्या तटाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. एका बाजूस लोक देव घेऊन नदीपार गेले, दुसऱ्या बाजूस लोकांनी तट बांधला. एवढे सांगितले तरी मुलाचे अर्ध्या तासाचे प्रश्न तयार होतात.

आणि मग तो प्रश्न येतोच: शिवाजीमहाराजांनी सुरत लुटली ती हीच का? येथे आमची सुशिक्षित मंडळी गडबडतात. कोणी आवाज चढवून पोवाडा आरंभतात, कोणी गुजराती शेजाऱ्याकडे पाहून विषय बदलतात. दोन्हीही भ्याडपणाचेच प्रकार आहेत. हीच ती सुरत, असे स्वच्छ सांगावे. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात सुरत लुटली गेली. त्यापूर्वी शाइस्तेखानाने पुण्यात तळ देऊन मुलूख उद्ध्वस्त केला होता, आणि सुरत हे मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. पहिल्या खेपेस शहराचा अंमलदार इनायतखान रयतेस वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला. ज्यांची घरे लुटली गेली तेही माणसेच होती, हेही सांगावे. मुलांस खरे पचते. न पचण्याची भीती आपणांसच असते.

आता समुद्र. कोकणीत ज्यास आम्ही ‘वेळ’ म्हणतो, ती रुपेरी वाळूची, पोरांना पाण्यात सोडावी अशी वेळ सुरतेस मिळणार नाही, हे आधीच समजून असावे. शहरापासून विसेक किलोमीटरांवरील डुमसची वाळू काळसर आहे आणि पाणी गढूळ. खंबायतच्या आखाताची भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. ओहोटीस पाणी दूरवर जाते, मागे चिखल राहतो आणि परतणारे पाणी वेगाने येते. म्हणून डुमस हे मुलांनी डुंबण्याचे ठिकाण नव्हेच. ते काठावर बसून पाहण्याचे ठिकाण आहे. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे आपल्या आजोबांना पाठ होते. आपल्या घरी पंचांग असते ते काय केवळ लग्नाच्या मुहूर्तापुरते? सहलीची तिथी ठरविताना ते उघडावे, आणि निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या भरतीची वेळ पाहून घ्यावी.

याउलट घडते काय? डुमसच्या किनारी एकेकाळी स्मशान होते, म्हणून तेथे भुते आहेत, अशी आवई उठली आहे, आणि ती मुलांस रंगवून सांगणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात. ज्यांचे कुलदैवत साक्षात शंकर, त्यांनी स्मशानाचा बाऊ करावा, यास काय म्हणावे! त्याच किनाऱ्याजवळ दरिया गणेशाचे देऊळ आहे. तेथे मुलास नेऊन नमस्कार करवावा. आम्हांस संताप येतो तो याचा की खोट्या भुताची भीती मुलाच्या मनात भरणारे हेच गृहस्थ खऱ्या चिखलाची आणि फिरत्या पाण्याची भीती घालावयास विसरतात, व स्वतः टोमॅटोची भजी खाण्यात गुंतलेले असतात.

खाण्याविषयी थोडक्यात. ‘सुरतनुं जमण’ ही गुजरातीतील म्हण खोटी नाही. पण ती मोठ्यांच्या जिभेसाठी आहे. लोचो मुलास द्यावयाचा तर वरचे तिखट वगळून द्यावा. जावे ते हिवाळ्यात: उकाडा नसतो आणि कोवळ्या ज्वारीचा पोंक मिळतो, तो मुले आवडीने खातात. गाडी दिवसाची धरावी. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी फ्लाइंग राणी नावाने गोड खरी, परंतु ती रात्री पोहोचते आणि झोपमोड झालेले मूल दुसरा सबंध दिवस वसूल करून घेते.

राहता राहिला यादीवाल्यांचा शेवटचा युक्तिवाद: “एवढ्या लहान वयात पाहिलेले मुलांच्या लक्षात थोडेच राहते? मग निदान आपण तरी सारे पाहून घ्यावे.” हे म्हणणे प्रामाणिक आहे, म्हणून आम्हांस ते आवडले. मग सहल आपली आहे असे उघड म्हणावे, मुलांस चार दिवस आजीकडे ठेवावे (आजीस विचारून, अर्थात), आणि खुशाल अकराच्या अकरा स्थळे पाहून यावीत.